बाकांतून येणारा श्वास

"वहिनी, फ्रिज बंद कर ना जरा," नीरजा म्हणाली.

पंखा आधीच बंद केला होता. कुकर गॅसवरून उतरवला होता. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून तिने माझ्या हातात ठेवला होता. आता फ्रिज. मी जाऊन बटण दाबलं आणि परत येऊन दारात उभी राहिले. नाना, म्हणजे माझे सासरे, उघड्या अंगाने खुर्चीवर बसले होते आणि माझी नणंद त्यांच्या अंगावर नाण्याएवढे माईक चिकटपट्टीने लावत होती. एक पाठीवर, एक छातीवर, एक पोटावर, एक गुडघ्याच्या वाटीवर. शेवटचा माईक तिने तार वाकवून त्यांच्या गळ्यासमोर आणून ठेवला. गळ्याला मात्र बोट लावलं नाही.

"आता कुणी हलायचं नाही. आधी खोलीचा नुसता आवाज घेते."

"खोलीला कसला आलाय आवाज?"

"श्शू!"

रिकाम्या खोलीचाही एक आवाज असतो म्हणे, आणि तो आधी घ्यायचा ही तिच्या कामातली रीतच. मी आपली मुकाट्याने उभी. दूध फ्रिजमध्ये आहे, फ्रिज बंद आहे, बाहेर वैशाखातलं ऊन आहे, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. दुपारी ते नासलंच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही मिरजेला राहत होतो. नाना, डॉक्टर वामनराव कुरुंदवाडकर, मेडिकल कॉलेजात अॅनाटॉमी शिकवायचे. उभा जन्म मुलांना माणसाचं शरीर उलगडून दाखवण्यात गेला. आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा दचकून ताठ बसायचा. आणि नेमका त्यांच्याच घशाला कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागलं. नाकातोंडाने श्वास घेणं संपलं. गळ्याच्या खळग्यात एक भोक, भोकात नळी, आणि जो काही श्वास जायचा यायचा तो तिथून. बोलणं म्हणजे नुसती ओठांची हालचाल. ती वाचायला मी शिकले, बाकीच्यांनी कंटाळून सोडून दिलं.

ती नळी साफ ठेवावी लागते. दिवसातून कितीदा, ते आतल्या चिकट्यावर अवलंबून. चिकटा वाळला की श्वासाला खरखर लागते, खरखरीची शिट्टी होते, आणि तरी कुणी पाहिलं नाही तर माणूस घुसमटतो. हॉस्पिटलातल्या सिस्टरने नानांना स्वतःची नळी स्वतः कशी काढायची, धुवायची ते शिकवायला घेतलं होतं. बहुतेक सगळे पेशंट शिकतात. नानांनी आरसा हातात घेतला नाही की मान वळवली नाही. ज्या माणसाने शेकडो गळे उघडून पोरांना दाखवले, त्याने स्वतःच्या गळ्यातलं ते भोक एकदाही पाहिलं नाही. घरी आल्यावर खोलीतला आरसा काढायला लावला. दाढी चाचपडत करायचे. सिस्टरच्या समोर मी उभी होते म्हणून मी शिकले, आणि शिकले ती कायमची अडकले.

काही लागलं की नाना बोटातली अंगठी फुलपात्रावर वाजवायचे. सात वर्षं मी त्या आवाजावर जगत होते. शेजारच्या स्वयंपाकघरात कुणी डाव आपटला तरी माझ्या पायात बळ यायचं. झोपायची ती त्यांच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, एक कान दाराला लावून. पाठ टेकायची, डोळे मिटायचे, पण त्याला झोप म्हणणं म्हणजे ताकाला दूध म्हणण्यासारखं. माझे यजमान जयंत वीज मंडळात, बदली रत्नागिरीला. पंधरवड्यातून एकदा यायचे, वडिलांच्या पायांना हात लावायचे, आणि मी काही बोलू लागले की म्हणायचे, "बघू, होईल काहीतरी." त्यांचा हातभार तेवढाच.

म्हणून नीरजाचा फोन आला तेव्हा मी संधी सोडली नाही. ती बडोद्याला राहून आवाजांची कला करायची. लोक भिंतीवर चित्रं लावतात, ही खोल्यांमधून आवाज लावते, हे मी नातेवाइकांना समजावून समजावून थकले होते. कॉलेज नव्या इमारतीत गेलं होतं आणि अॅनाटॉमीचा जुना हॉल रिकामा पडला होता. तिथे तिला नानांच्या शरीराचे आवाज लावायचे होते. मी म्हटलं, लाव. पण झाल्यावर नानांना बडोद्याला घेऊन जा, पाऊस संपेपर्यंत. मला जरा झोपू दे.

ती हो म्हणाली होती. माईक काढून गुंडाळून ठेवल्यावर, स्वयंपाकघरात नासलेल्या दुधाचं पनीर करता करता मी पुन्हा विषय काढला.

"तिकिटं काढलीस का गं?"

"काढते. वहिनी, तू त्या हॉलचं छत बघितलंयस? लाकडी कमानी अशा खाली येतात ना, अगदी बरगड्या. नाना त्या छातीत उभे राहून इतकी वर्षं बोलले, तेही माईकशिवाय. आता त्याच छातीत त्यांचा श्वास भरायचा. बाकांखाली स्पीकर बसवणार आहे. कानाने कमी, पाठीच्या कण्यातूनच जास्त ऐकू येईल."

"छान. तिकिटं?"

ती म्हणाली, "नेते गं मी. अंघोळ, जेवण, औषधं, सगळं करीन. फक्त तेवढं..."

"तेवढं म्हणजे?"

"ते नळीचं. मला नाही जमत. काल तू करत होतीस तेव्हा मी बघायचा प्रयत्न केला. हातपाय गार पडले माझे."

"माईक बरा धरता येतो तिथे."

"माईक लांब असतो वहिनी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लबाडी करत नव्हती. लबाडी केली असती तर भांडता तरी आलं असतं.

"एखादी बाई ठेवू?"

"इथे दोन ठेवून झाल्या. नाना त्यांना जवळ येऊ देत नाहीत. हनुवटी छातीवर दाबून बसतात. जबरदस्ती कशी करणार?"

म्हणजे गोष्ट तिथेच येऊन थांबली होती. नीरजा हात लावणार नाही, नाना स्वतः लावणार नाहीत, परक्याला लावू देणार नाहीत. राहिले मी. मी पनीर फडक्यात बांधून नळाला टांगलं आणि गॅसच्या ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येत नव्हतं. रडायलाही थोडी ताकद लागते.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने कॉलेजात गेलो. नानांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यावर मी शिवलेली पांढरी मलमलीची झालर. माझ्या खांद्यावर नेहमीची पिशवी: गॉज, चिमटा, सलाईनची बाटली, जादाची नळी.

तो हॉल मी पहिल्यांदाच आतून पाहत होते. विहिरीच्या पायऱ्यांसारखी बाकं अर्धगोलात वर वर चढत गेलेली. तळाशी संगमरवरी टेबल, ज्यावर देह ठेवून नाना शिकवायचे. भिंतीला काचेची रिकामी कपाटं. अवयवांच्या बरण्या नव्या इमारतीत नेल्या होत्या, पण फॉर्मालिनचा वास मात्र जायला तयार नव्हता. नीरजाने सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. वीसेक माणसं असतील, बहुतेक नानांचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच टक्कल पडलेले डॉक्टर. एकेक जण येऊन वाकून नमस्कार करत होता आणि नानांशी काय बोलावं ते न सुचून माझ्याशी बोलत होता.

मग नीरजाने बटण दाबलं.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग टेबलाखालून धप, धप असं सुरू झालं, आणि तळव्यांना ते लाकडातून कळू लागलं. नानांचं हृदय. कुणी उशिरा आलेला पायऱ्या चढू लागला तर पायऱ्यांमधून कटकट आली. ते त्यांचे गुडघे. वरच्या कोपऱ्यातून पोटाची गुरगुर निघाली तेव्हा दोन-तीन जण हसले. आणि मग सगळ्या बाकांतून एकदम श्वास आला. आत, बाहेर. पाठीला टेकलेली फळी फुगल्यासारखी वाटायची आणि बसल्यासारखी वाटायची. मी नानांच्या शेजारी पहिल्या ओळीत बसले होते. त्यांच्याकडे पाहिलं तर ते मान वर करून छताच्या कमानींकडे बघत होते. चेहऱ्यावरून काही कळेना.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. घरी जो आवाज दिवसरात्र ऐकायचा, तोच ऐकायला चपला काढून बसायचं, यात कसली कला? मी जांभई दाबली.

आणि खरखर आली.

श्वास आत जाताना एक बारीक चरचर, मग बाहेर येताना शिट्टी. मी काय केलं ते मलाही कळलं नाही. पिशवी उघडली, गॉज काढलं, नानांच्या समोर गुडघ्यांवर बसले, झालर वर केली आणि नळीवर वाकले. नळी स्वच्छ होती. तासापूर्वी मीच साफ केली होती. नाना माझ्याकडे बघत होते. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. खरखर चालूच होती, ती बाकांतून येत होती.

"वहिनी," नीरजा हळूच म्हणाली, "रेकॉर्डिंग आहे ते."

कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, पण माझे कान तापले. मागच्या ओळीतले एक डॉक्टर म्हणाले, "सरांचं भाग्य हो, अशी सून मिळाली." हे वाक्य मी सात वर्षं ऐकत आले होते. ज्याला काही करायचं नसतं तो हे वाक्य बोलतो आणि मोकळा होतो.

"तू वर जाऊन बस," नीरजा माझ्या दंडाला धरून म्हणाली. "सगळ्यात वरच्या बाकावर छान ऐकू येतं. मी आहे ना इथे."

मला तिथून उठायचंच होतं. पिशवी नानांपाशी ठेवली आणि नानांच्या गुडघ्यांच्या कटकटीवर पाय देत वर गेले. वरच्या ओळीत कुणी नव्हतं. मागच्या फळीला टेकले. श्वास माझ्या पाठीतून आत येऊ लागला. पुन्हा खरखर, पुन्हा शिट्टी. अंग ताठ झालं. मग डोक्यात हळूहळू शिरलं की हा श्वास त्या दिवशीचा आहे. ज्या दिवशी दूध नासलं त्या दिवशीचा. त्या खरखरीनंतर मी उठून नळी साफ केली होती आणि नाना संध्याकाळी वरणभात जेवले होते. म्हणजे यातल्या कुठल्याच श्वासाला आता माझी गरज नव्हती. तो कितीही अडला तरी पुढचा येणारच होता. येऊन गेला होता. हे कळलं आणि माझे खांदे इतके खाली आले की ते एवढे वर होते हेच मला ठाऊक नव्हतं. पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा मान अवघडली होती आणि बाकं गप्प होती.

हॉल रिकामा होता. दारातून ऊन पार टेबलापर्यंत आलं होतं. बाहेर व्हरांड्यात कपबशा वाजत होत्या, नीरजाचं बोलणं ऐकू येत होतं. पहिल्या ओळीतली नानांची जागा मोकळी होती आणि माझी पिशवी बाकावर उलटी पडली होती. गॉज, बाटली, सगळं पसरलेलं. चिमटा नव्हता.

मी पायऱ्या कशा उतरले देव जाणे. नाना भिंतीजवळच्या एका काचेच्या कपाटासमोर उभे होते. माझ्याकडे पाठ. एक हात कपाटाच्या कडेला घट्ट धरलेला, खांदे वरखाली होत होते. मी धावत गेले. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता, डोळे लाल. झालर खाली पडली होती. दुसऱ्या हातात चिमटा होता आणि गॉजचा बोळा, बोळ्यावर सुकलेला, रक्ताचा अंश असलेला चिकटा. आतली नळी त्यांनी काढून कपाटाच्या फळीवर ठेवली होती. आणि ते काचेत बघत होते. स्वतःच्या गळ्याकडे, सरळ.

माझ्याकडे वळून त्यांनी नळी उचलली, सलाईन हवंय अशी खूण केली. मी बाटली आणून दिली. त्यांनी नळी धुतली, पुसली, काचेत बघून जागेवर बसवली आणि फिरवून घट्ट केली. सराईत हात होता तो, आयुष्यभर असलीच कामं केलेला. मग त्यांनी दीर्घ श्वास घेतला. स्वच्छ होता.

"मला बोलावलं का नाहीत?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

त्यांनी वरच्या बाकाकडे बोट दाखवलं. ओठ हलले. झोपली होतीस.

"म्हणून काय झालं? टाळी वाजवायची. हाक..." 'हाक' म्हटलं आणि मी जीभ चावली. "काही झालं असतं म्हणजे?"

पुन्हा ओठ हलले, या वेळी जरा हसरे. घोरत होतीस.

मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. असा राग त्याआधी मला नानांचा कधी आला नव्हता. त्या सगळ्या अर्धवट झोपा, टाळलेली लग्नकार्यं, आईच्या शेवटच्या आजारपणात दोन दिवसांवर न राहता आलेलं माहेर, सगळं एकदम वर आलं. नीरजा दारात येऊन उभी राहिली होती, तिचंही मला भान नव्हतं.

"तुम्हाला येत होतं," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून येत होतं. या गावात तुमच्याइतका गळा कुणाला कळतो? मग इतकी वर्षं मला का राबवलंत नाना? का नाही केलंत?"

नानांनी झालर उचलली, झटकली, गळ्यात बांधायला लागले. गाठ बसेना. नेहमी मी मागून बांधायचे. मी या वेळी हात पुढे केला नाही. शेवटी झालर तशीच हातात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत, ओठ हलवले. मला कळावं म्हणून ते नेहमीच सावकाश बोलत, पण एवढं सावकाश कधीच नाही.

नीरजाने विचारलं, "काय म्हणाले?"

ते म्हणाले होते: मग माझ्याजवळ कोण आलं असतं?

घरी आल्यावर मी पान वाढलं, त्यांनी जेवून घेतलं. संध्याकाळी नळीची वेळ झाली तेव्हा मी गेले नाही. स्वयंपाकघरात बसून राहिले, कान तिकडेच. पाणी ओतल्याचा आवाज आला, चिमटा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. नीरजा दारातून डोकावून आली आणि म्हणाली, "करतायत." मी मान हलवली. माझा राग गेला नव्हता आणि ते वाक्य तो राहूही देईना. खरंच होतं ते. आवाज गेल्यापासून त्यांच्याजवळ कोण बसत होतं? विद्यार्थी वाकून नमस्कार करून माझ्याशी बोलत. जयंत पायांना हात लावून पेपर उघडत. मुलगी तारेच्या टोकाला माईक लावून लांब उभी राहायची. आणि मी? मी दिवसातून दहादा जायचे, पण हातात काही ना काही घेऊनच. वाडगा नाही, गॉज नाही, गोळी नाही, अशी रिकाम्या हाताने मी त्या खोलीत कधी गेले होते का? मला आठवेना.

तरी मी त्यांना पाठवलं. हे स्पष्ट सांगते, कारण ही गोष्ट ऐकणाऱ्या काहींना वाटतं की एवढं कळल्यावर मी त्यांना ठेवून घेतलं असेल. नाही. मी दमले होते. कळणं एक आणि दमणं एक. नीरजाने तिकिटं काढली, मी त्यांची बॅग भरली, बॅगेत हाताएवढा एक आरसा ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि शर्टाच्या घडीत नीट सरकवून ठेवला.

निघायच्या दिवशी स्टेशनला न्यायला टॅक्सी यायची होती. नीरजा सामान घेऊन खाली उतरली. नाना खोलीत पलंगाच्या कडेला तयार होऊन बसले होते, बूट घालून, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. मी दारात गेले. त्यांनी सवयीने हनुवटी वर केली, मला गळा दिसावा अशी. मग माझ्या हातांकडे पाहिलं. हातांत काही नव्हतं. त्यांनी हनुवटी खाली घेतली आणि जरा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, मांडीवर ठेवले. मग म्हटलं, "बडोद्याला ऊन फार असतं म्हणतात."

त्यांनी मान हलवली. ओठ हलले. इथल्यापेक्षा जास्तच.

"तुम्ही कधी गेला होतात?"

आणि नाना सांगू लागले. आमच्या लग्नाआधी परीक्षक म्हणून गेले होते तेव्हाचं, कुठल्याशा खाणावळीतल्या गोड वरणाचं, एका विद्यार्थ्याने घाबरून उजव्या मूत्रपिंडाला डावं म्हटल्याचं. एवढे शब्द त्यांच्या ओठांवर मी कधी पाहिले नव्हते. मधेच ते हसले आणि गळ्यातून हवा सुटली, तेवढाच काय तो आवाज.

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. नीरजाने जिन्यातून हाक मारली. नानांनी ऐकलं, मीही ऐकलं, आणि मी म्हटलं, "मग? त्या विद्यार्थ्याला पास केलंत की नाही?"